बुडाशी काळे पडणारे टोमॅटो
टांगलेल्या कुंडीतल्या टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो त्यावर बुरशीनाशक फवारा, असं काहीजण सुचवतात. कृपया फवारू नका. ही बुरशी नाहीच. फळाच्या खालच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून तेवढा भाग मरतो. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच, पण ते पाण्याबरोबर वर चढतं. कुंडी कधी कडकडीत सुकलेली, कधी एकदम चिंब, असं चाललं की पुरवठा तुटतो. अंड्याची टरफलं घालून लगेच फरक पडत नाही, ती विरघळायला फार वेळ लागतो.

टांगलेल्या कुंडीला चहूबाजूंनी वारा लागतो, म्हणून ती चटकन सुकते. आमच्या ठाण्यातल्या खिडकीच्या ग्रिलमध्ये मार्च लागला की सकाळी भरपूर पाणी घातलेली कुंडी संध्याकाळी हाताला हलकी लागते. वरची माती चाचपण्यापेक्षा कुंडी खालून तळहातावर जरा उचलून बघा, वजनावरून नेमकं कळतं. मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी गांडूळखत नि माती असं मिश्रण भरते, वर वाळक्या पानांचा थर देते आणि उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालते. डाग जवळजवळ पडतच नाहीत. रोप मात्र चेरी टोमॅटोचं, खाली लोंबणाऱ्या बुटक्या जातीचं घ्या. त्याला हा त्रास मुळातच कमी. मोठ्या फळांच्या उंच जातींना एवढीशी माती पुरत नाही. डागाळलेली फळं काढून टाका, पाणी नियमित झालं की पुढची चांगली येतात.