येझदीवर ट्रायल्स शिकण्यात मूर्खपणा काय आहे?

पाय_टेकू_नका
ट्रायल्स म्हणजे दगडधोंड्यांतून, पाय न टेकता, हळू मोटरसायकल न्यायचा खेळ. काल एका सदस्यानं लिहिलंय, ‘ट्रायल्स शिकायचंय तर गुपचूप हिरोची नवी एक्सपल्स घ्या. चाळीस वर्षांच्या येझदीवर दगडांत उतरणं म्हणजे गाडीचीही वाट आणि गुडघ्यांचीही.’ खाली सगळ्यांनी माना डोलावल्यात. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी वजनाचं बघा. एक्सपल्स 200 दीडशे किलोच्या वर आहे. येझदीची रोडकिंग 140 च्या आसपास, आणि त्यातून दोन्ही सायलेन्सर, मोठे मडगार्ड, साइड बॉक्स, कॅरिअर उतरवलं की आणखी हलकी. खरी ट्रायल्सची गाडी सत्तरेक किलोची असते, ती आपल्यापैकी कुणाच्या दारात उभी आहे? मग जे आहे त्यावर सुरुवात करायची की परदेशातून गाडी येईपर्यंत व्हिडिओ बघत बसायचं?

दुसरं, पाय टेकला की दंडाचा गुण लागतो, अशा खेळात वरच्या पट्टीतली ताकद उपयोगाची नाही. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्याहून हळू, इंजिन न गुदमरता ओढलं पाहिजे. येझदी ते करते. पुढचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) लहान, मागचं मोठं केलं की आणखी छान करते. मी ज्या गाडीवर शिकतोय ती भंगारातून उचललेली आहे. टाकी गंजलेली, कागद नाहीत. रस्त्यावर काढतच नाही, छोट्या हत्तीत घालून नेतो. नवशिक्यानं पाच वेळा पाडली तरी उचलून पुन्हा किक मारायची. दीड लाखाची नवी गाडी तुम्ही मनापासून दगडावर घालणार आहात का?

नानापेठ_गल्ली
गुडघ्यांचं तुमचं तुम्ही बघा, मला गाडीची काळजी आहे. मैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला. त्यानंतर जे आहे ते आहे. गेली काही वर्षं माझ्या दुकानात रोज कुणीतरी येतं, ‘फ्रेम कापून द्या, मातीत पळवायला स्क्रॅम्बलर करायचीय.’ फ्रेमचा मागचा लूप कापतात, ओरिजिनल मडगार्ड वजनावर विकतात. तीच मडगार्डं पुढे जुन्या बाजारात एखादा म्हातारा माणूस रविवारी उन्हात शोधत फिरतो. मी बघितलंय.

आणि 2021 चा नियम वाचा. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली, मोठे फेरफार न केलेली गाडी असेल तरच व्हिंटेज म्हणून व्हीए नंबर मिळतो. 1970 च्या दशकातल्या येझदी आत्ता कुठे त्या रेषेला पोचतायत. नेमक्या याच वेळी तुम्ही त्यांना ग्राइंडर लावताय.

बावधनचा_बंटी
नानापेठ काका बरोबर, पण मी वेगळं सांगतो. इथं सगळे जुन्या काळाचे दाखले देतात ना, मग ट्रायल्सवाल्या सॅमी मिलरचा घ्या. 1964 ला स्कॉटिश सिक्स डेज ही ट्रायल्सची स्पर्धा एरिअल गाडीवर जिंकला, पाचशे सीसीची फोर स्ट्रोक. वर्षाच्या शेवटी ती सोडून बुल्टाकोवर गेला आणि 1965 ला पुन्हा जिंकला. अडीचशे सीसी, टू स्ट्रोक, नव्वद किलोच्या आसपास. जगातल्या सगळ्यात मोठ्या रायडरनं जड गाडी सोडली, आणि आपण नवशिक्यांना जड गाडी द्यायची?

उतारावर काय करणार तेही सांगा. टू स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावाला. थ्रॉटल बंद केला की पेट्रोलबरोबर ऑइलही बंद. पुढे ड्रम, पाण्यात भिजला की दाबत बसा. माझ्या मामेभावाचं मनगट अशाच उतारावर मोडलं, जुन्या जावा बाईकवर. अजून थंडीत दुखतं त्याचं.

पाय_टेकू_नका
बंटी, मिलर बुल्टाकोवर गेला तेव्हा तो आधीच मिलर झालेला होता. शिकला कशावर? जड गाड्यांवरच. जॉनी ब्रिटननं 1952 आणि 1957 ला तीच स्कॉटिश एनफिल्ड बुलेटवर जिंकली. 2019 ला रॉयल एनफिल्डनं बुलेट ट्रायल्स काढली ती त्याच आठवणीवर.

उताराचं म्हणशील तर आमचा सरावाचा तुकडा दहा-पंधरा मीटरचा असतो, कात्रजचा घाट नाही. तेवढ्यात इंजिन सुकत नाही. ड्रमचं मात्र खरंय. ओढ्यातून बाहेर आल्यावर दोनदा ब्रेक धरून सुकवल्याशिवाय पुढचा उतार घ्यायचा नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. मामेभावाबद्दल वाईट वाटलं, पण तो उतारावर उभा होता की बसलेला? सीटवर बसून उतरलं की सगळं वजन मनगटावर येतं, गाडी कुठलीही असो.

टेकडीवरची
मला एकच विचारायचंय. हे सगळं करता कुठे? कारण ‘पुण्यात सराव’ म्हटलं की शेवटी वेताळ टेकडी नाहीतर तळजाईच येते. गेल्या एप्रिलमध्ये खाणीच्या वरच्या अंगाला टिटवीनं जमिनीवर अंडी घातली होती. चार, खडीच्या रंगाची, दोन हातांवरूनही दिसत नाहीत. बाबा आणि मी रोज लांबून बघत होतो. एका सकाळी तिथून टायरचा पट्टा गेलेला. टिटवी दिवसभर ओरडत घिरट्या घालत होती. कुणाची गाडी होती माहीत नाही, पण तुमच्यासारख्याच कुणाची तरी.

बुलेट_निगडी
ताई, विषय येझदीचा आहे. टेकडीचा धागा वेगळा काढा. आणि टेकडीचं एवढं आहे तर बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीतून न्यायला निघालेत, त्यावर बोला. दोन पोरांच्या गाडीनं टेकडी संपत नाही.

टेकडीवरची
बोललेय. 2023 च्या एप्रिलमध्ये मोर्चा निघाला त्यात मी आणि माझी सासूही चालत होतो. तुम्ही होतात का?

‘दोन पोरांची गाडी’ कसं काम करते ते सांगते. टेकडीवर मातीचा थर वीतभरही नाही, खाली कातळ. चाक एकदा फिरलं की गवताची मुळं सुटतात. पहिल्या पावसात त्या चाकोरीतून पाणी धावतं, पुढच्या वर्षी तिथे घळ झालेली असते. मग लोक घळ टाळून बाजूनं चालतात आणि वाट आणखी रुंद होते. मी लहानपणापासून त्या टेकडीवर जातेय. टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूची पायवाट कुठली कुठे गेलीय ते मला माहितीय.

बुलेट_निगडी
म्हणजे टेकडी फक्त सकाळी चालणाऱ्यांची? चारचाकीत बसून पायथ्याशी यायचं, गाड्या वाटेल तशा लावायच्या, आणि आम्हाला निसर्ग शिकवायचा. आम्ही कर भरत नाही का?

टेकडीवरची
मी कर्वे रोडवरून चालत येते. कर भरला म्हणून टिटवीच्या घरट्यावरून गाडी न्यायचा परवाना मिळत नाही.

नानापेठ_गल्ली
निगडीकर, ताईंशी नीट बोला. वनखात्याच्या जमिनीवर गाडी न्यायचीच नाही, इथे वाद घालण्यासारखं काही नाही. आमच्या व्हिंटेजवाल्यांचं नाव अशाच पोरांमुळे खराब होतं. सायलेन्सर काढून टेकडीवर जायचं, आणि शिव्या आम्हाला.

पाय_टेकू_नका
ताई, तुमच्या मताशी मी शंभर टक्के आहे आणि हे मी कुणाच्या दबावाखाली म्हणत नाही. ट्रायल्सला टेकडी लागतच नाही. आम्ही मुळशीच्या बाजूला ओळखीच्या माणसाच्या पडीक जमिनीवर जातो. त्याला विचारून, त्याच्या बांधाच्या आत. ओढ्याला पाणी असलं की ओढ्यातही उतरत नाही, कडेच्या कातळावरच. एक सायलेन्सर ठेवलाय, कारण शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी बिथरतात.

निगडीकर, आपल्यासारख्यांनीच हे बोललं पाहिजे. टेकडीवर गाडी दिसली की पुढच्या वेळी मुळशीतला शेतकरीही आपल्याला दारात उभं करणार नाही.

बुलेट_निगडी
ठीक आहे, टेकडी नको. पण पार्किंगचं मी बोललो ते खोटं नाही.

टेकडीवरची
पार्किंगचं खरं आहे. ते मीही लिहून दिलंय.

औंध_नवखा
वाद चालू द्या, पण माझ्याकडे आजोबांची रोडकिंग खरंच आहे. नक्की सुरुवात कशी करू? मोठा दगड चढायला किती दिवस लागतील?

पाय_टेकू_नका
दगड विसर. सपाट जागेवर दोन विटा ठेव, त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढ, उभ्यानं, हँडल जितकं वळेल तितकं वळवून. गाडी आत झुकव, स्वतः बाहेरच्या फुटरेस्टवर वजन टाक. रस्त्यावरच्या सवयीच्या हे बरोबर उलटं आहे आणि इथेच सगळे पडतात. क्लचवर दोन बोटं कायम, पुढच्या ब्रेकवर एक. येझदीला एक खोड आहे. गिअरचा लिव्हर दाबला की क्लच आपोआप सुटतो. उभ्यानं चालवताना डावा बूट चुकून त्यावर पडला तर चढावर मध्येच गाडीची ओढ जाते. पाय फुटरेस्टवर मागे सरकवून, चवड्यावर उभा राहा.

हळू चालवून प्लग काळा पडतो, खिशात दुसरा ठेव. टायरमधली हवा कमी करशील तर आधी रिम लॉक बसव, नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि घोट्याच्या वर जाणारे बूट नसतील तर येऊच नकोस.

बावधनचा_बंटी
आठचा आकडा एक्सपल्सवरही निघतो, एवढंच म्हणायचंय. पण नवख्याच्या घरी येझदी आधीच आहे, तर त्याच्यापुरतं मी मागे घेतो. फक्त त्याच्यापुरतं. आणि बाळा, उतार पहिल्या महिन्यात नाही म्हणजे नाही.

नानापेठ_गल्ली
औंधवाले, आजोबांची गाडी आहे आणि कागद चालू आहेत ना? मग तिच्यावर एकही भोक पाडायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत फेरफार चालत नाही, आणि ते नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. ती पुसून ठेव. सरावाला या पाय टेकू नकावाल्यांची भंगारातली घे. त्यांच्याकडे कागदच नाहीत, फ्रेम आधीच मोडलेली, तिच्यावर काय करायचं ते करा, माझी ना नाही. रिम लॉक माझ्याकडे नाहीत, पण पुढचं लहान स्प्रॉकेट एक पडलंय. शनिवारी दुपारी दुकानात ये, जुना नग सोबत आण, स्प्लाइन, म्हणजे आतले दाते, जुळवून बघू. उतरवलेली मडगार्डं आणि दुसरा सायलेन्सर मात्र पाय टेकू नका यांनी फेकायचे नाहीत, माझ्याकडे आणून द्यायचे. ती मी कुणाच्या तरी गाडीला लावीन.

पाय_टेकू_नका
मडगार्डं माळ्यावर आहेत. सायलेन्सर आतून गंजलाय, पण आणतो. शनिवारीच येतो, नवख्याला घेऊन.