मदत हवी आहे : युरॅनिल सरळ, मग थोरियम डायऑक्साइड वाकडा का?

तासिकावाला_परभणी
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवतो, सोबत सेटची (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची) तयारी चालू आहे. एमएस्सीला ॲक्टिनाइडचं (थोरियम, युरेनियम, प्लुटोनियम वगैरे जड मूलद्रव्यांचं) युनिट यंदा माझ्या वाट्याला आलंय आणि एका जागी गाडी अडलीय.

हाताशी असलेल्या पुस्तकात एकच वाक्य आहे: ४एफ ऑर्बिटल (लॅन्थनाइडच्या इलेक्ट्रॉनची घरं) बंधात भाग घेत नाहीत, ५एफ (ॲक्टिनाइडची) थोडाफार घेतात. थोडाफार म्हणजे किती, कुठल्या संयुगात, कशामुळे? त्यावर पुस्तक गप्प.

माझी नेमकी अडचण सांगतो. युरॅनिल आयनात (एक युरेनियम, दोन ऑक्सिजन, दोन धन प्रभार) ऑक्सिजन-युरेनियम-ऑक्सिजन कोन १८० अंश. थोरियम डायऑक्साइडच्या सुट्या रेणूत तोच कोन साधारण १२२ अंश. (सुटा रेणू म्हणजे गोठवलेल्या निष्क्रिय वायूत अडकवून तपासलेला. वरातीतल्या बत्तीच्या मँटलमध्ये असायचा तो घन थोरिया नव्हे.) दोघांत इलेक्ट्रॉन सारखेच. थोरियम अधिक चार, युरेनियम अधिक सहा, दोघांचेही एफ आणि डी रिकामे. व्हीएसईपीआर (इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना ढकलतात यावरून रेणूचा आकार सांगणारा नियम) लावला तर दोघं सरळ यायला पाहिजेत. शिवाय मॉलिब्डेनमचा दोन ऑक्सोवाला (दोन ऑक्सिजनचा) आयनही डी-शून्य, म्हणजे डीमध्ये एकही इलेक्ट्रॉन नाही, तोही वाकडाच. आकारमानाचं कारण देऊन वेळ मारून नेता येईल, पण मलाच ते पटंना.

आणि जोडप्रश्न: ॲक्टिनाइडचे बंध आयनिक (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन) म्हणायचे का कोव्हॅलंट (वाटून घेऊन)?

गोदाकाठ
युरेनियम १७८९ साली क्लाप्रोथनं बर्लिनमध्ये शोधलं आणि कोडं पडलंय परभणीत. जगात जर्मनी, भारतात परभणी! उत्तर काही येत नाही सर, धागा वर काढून ठेवतो.

निवृत्त_रसायनी
तासिकावाले सर, प्रश्न चांगला आहे. व्हीएसईपीआर आधी बाजूला ठेवा, जड धातूंच्या डी-शून्य आयनांत तो असाच तोंडघशी पाडतो.

सरळ रेषेतले दोन ऑक्सिजन घ्या. प्रत्येकाचे तीन २पी, म्हणजे एकूण सहा ऑर्बिटल आणि त्यांत बारा इलेक्ट्रॉन. या सहांच्या जोड्या लावल्या की तीन 'जी' सिमेट्रीच्या होतात (एक सिग्मा म्हणजे रेषेवरची, दोन पाय म्हणजे रेषेच्या बाजूच्या) आणि तीन 'यू' सिमेट्रीच्या (तशाच एक आणि दोन). जी म्हणजे केंद्रातून उलटवलं तरी चिन्ह तेच, यू म्हणजे चिन्ह बदलतं. आता धातूकडे बघा. डी ऑर्बिटल सगळे जी, एफ सगळे यू. मध्यभागी सिमेट्रीचं केंद्र असताना जीची गाठ जीशीच पडते. म्हणून युरेनियमचे ६डी तीन जोड्या सांभाळतात आणि ५एफ उरलेल्या तीन. बाराच्या बारा इलेक्ट्रॉन बंधात आले, प्रत्येक ऑक्सिजनच्या वाट्याला नावापुरता तिहेरी बंध. (यू जोड्यांत भरलेले ६पी पण लुडबुड करतात, त्यानं सिग्मा बंध आणखी पक्का होतो. वर्गात तो फाटा सुरुवातीला नका काढू.)

मॉलिब्डेनमकडे कामाचा एफ नाहीच. सरळ राहिला तर दोन्ही ऑक्सिजन पाय बंधासाठी त्याच दोन डी ऑर्बिटलवर डोळा ठेवणार. काटकोनाच्या आसपास वाकला की पाय बंधाला चालणारे तिन्ही डी कामाला येतात. म्हणून तो वाकतो.

थोरियम दिसायला ॲक्टिनाइड, पण वागतो आवर्तसारणीत हाफ्नियमच्या खालच्या घरातल्यासारखा. मोकळ्या अणूत ६डी२ ७एस२, ५एफमध्ये एकही इलेक्ट्रॉन नाही, कारण तिथं ५एफची पातळी ६डीच्या वर आहे. प्रोटॅक्टिनियमपासून ५एफ भरायला लागतो आणि युरेनियमपर्यंत चांगलाच खाली येतो. थोडक्यात थोरियमचा बंध डीच्या जोरावर चालतो, म्हणून मॉलिब्डेनमच्या वाटेनं वाकतो. सीबोर्ग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९४४-४५च्या सुमारास ॲक्टिनाइडची वेगळी ओळ मांडण्याआधी थोरियम हाफ्नियमखाली, युरेनियम टंगस्टनखाली बसवत. थोरियमपुरती ती मांडणी अगदीच वेडगळ नव्हती, असं माझं मत.

जोडप्रश्नाचं उत्तर युरॅनिलमध्येच आहे. वर-खालचे दोन ऑक्सिजन साधारण १.८ अँगस्ट्रॉमवर, घट्ट कोव्हॅलंट. कमरेभोवतीची पाच पाणी (पाण्याचे रेणू) साधारण २.४ अँगस्ट्रॉमवर, बऱ्याच अंशी आयनिक. ही पाणी झटपट बदलत राहतात, तर ते दोन ऑक्सिजन सौम्य आम्लात पाण्याशी अदलाबदल करायला वर्षानुवर्षं घेतात. एकाच आयनात दोन्ही प्रकार, म्हणून "ॲक्टिनाइड आयनिक का कोव्हॅलंट" हा प्रश्नच परीक्षेतून काढून टाकावा असं मला वाटतं.

तासिकावाला_परभणी
काका, जी-यूची मांडणी वाचून डोक्यात प्रकाश पडला, लई आभार. एक शंका राहिली. नेप्टुनिल आणि प्लुटोनिल (नेप्टुनियम, प्लुटोनियमचे तसेच आयन) पण सरळच आहेत, आणि युरेनियमकडून पुढे जाताना बंधाची लांबी कमी होत जाते. म्हणजे बंध आणखी मजबूत म्हणायचा ना?

निवृत्त_रसायनी
नाही, इथंच पोरं फसतात. लांबी घटते ती ॲक्टिनाइड आकुंचनानं, आणि बंध मात्र कमजोर होत जातो. प्लुटोनिलचं क्षपण सहज होतं, अमेरिसियमचा तसा आयन तर जबर ऑक्सिडीकारक. ५एफ पुढे पुढे खाली सरकतो आणि आखडतो. खाली सरकल्यानं ऑक्सिजनच्या २पीशी पातळी जुळते, त्यामुळं कागदावर मिश्रण वाढलेलं दिसतं. पण आखडल्यामुळं ओव्हरलॅप (ऑर्बिटलांचं एकमेकांवर चढणं) घटतो, आणि बंधाला ताकद देतो तो ओव्हरलॅप. कोव्हॅलन्सी वाढली म्हणजे बंध पक्का झाला, हे समीकरण इथं मोडतं. आणि नेप्टुनिलचा एक, प्लुटोनिलचे दोन जास्तीचे इलेक्ट्रॉन बंधात न पडणाऱ्या ५एफमध्ये जातात, म्हणून आकार बिघडत नाही.

लातूर_बॅच
सर, सेटसाठी युरॅनोसीनही करून ठेवा. १९६८ साली स्ट्राइटविझर आणि म्युलर-वेस्टरहॉफ यांनी बनवलं. दोन आठ-कार्बनी कड्यांच्या मधोमध युरेनियम. काकांचीच युक्ती तिथंही चालते: कड्यांची ई-टू-जी जोडी ६डीशी, ई-टू-यू जोडी ५एफशी. पॉइंट ग्रुप (रेणूच्या सिमेट्रीचं नाव) डी-आठ-एच. हवेत आलं की पेट घेतं, त्यामुळं प्रात्यक्षिकाचा प्रश्नच नाही.

गोदाकाठ
मग प्लुटोनियम धातूच्या सहा रूपांचा काही संबंध? ते कुठंतरी वाचलं होतं.

निवृत्त_रसायनी
आहे. ५एफ इलेक्ट्रॉन सगळ्या धातूत फिरायचे का आपापल्या अणूपाशी थांबायचे, यांच्या मधोमध प्लुटोनियम सापडलाय. अल्फा रूपाची घनता १९.८, डेल्टाची १५.९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, धातू तोच. अमेरिसियमपासून ५एफ अणूपाशीच बसतात आणि गोष्टी लॅन्थनाइडसारख्या होतात. पण हा धातूंचा भाग वेगळ्या तासाला घ्या सर, युरॅनिलसोबत एकाच दिवशी घेतला तर पोरं दोन्ही विसरतील.

तासिकावाला_परभणी
तसंच करतो काका. फळ्यावर आधी सहा जोड्यांचा तक्ता, मग मॉलिब्डेनम, मग थोरियम. ६पीची लुडबुड कुणी विचारली तर परत इथंच येतो.