पावसाचं माप बाटलीत कसं घ्यावं? (लेक साडेपाच वर्षांची)

घणसोली_सेक्टरवाली: 'आज ८० मिलिमीटर पाऊस' असं बातम्यांत ऐकलं की 'म्हणजे किती?' हा लेकीचा प्रश्न ठरलेला. तिच्या हाताने होईल असा पर्जन्यमापक करायचाय. गॅलरीच्या ग्रिलला टांगला तर चालेल का? आणि पावसाळा सरल्यावर तिने काय मोजावं?

गच्चीवरची_वेधशाळा: ग्रिलला नको. वरचा छज्जा पाऊस अडवतो आणि ग्रिलवरून निथळणारं पाणी बाटलीत जातं. सोसायटीला विचारून गच्चीवर ठेवा, कठड्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, विटांमध्ये घट्ट अडकवून. तोंड फूटभर उंच असू द्या, नाहीतर लादीवरचे शिंतोडे आत उडतात.

बाटली दोन लिटरची, सरळ अंगाची. कंबर असलेली नको. खांदा संपतो तिथे तुम्ही कापा आणि बूच काढून वरचा भाग उलटा आत बसवा. बूड उंचसखल असतं, म्हणून तिला खडे टाकू द्या आणि सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरू द्या. तिथे शून्याची रेघ. वरच्या मिलिमीटरच्या खुणा पक्क्या मार्करने करा, कागदी पट्टी भिजून सुटते. वेगळं मोठं नरसाळं लावू नका. तोंड बाटलीपेक्षा रुंद झालं की आकडा फुगतो.

मोजायचं सकाळी ८.३० ला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस ८.३० ते ८.३०. मग सगळं पाणी ओतून शून्यापर्यंत ताजं भरा. तेच पाणी साचून राहिलं तर डास होतात. मुसळधार असेल तेव्हा दुपारीही मोजा, नाहीतर बाटली भरून वाहते.

आकडा हवामान खात्याच्या सांताक्रूझ केंद्राशी जुळणार नाही. 'असं का?' हे तिने विचारलं तर उत्तराची घाई नको. तिला काय वाटतं ते आधी वहीत लिहा.

खडू_फळा: 'म्हणजे किती?' साठी: फरशीवर खडूने एक मीटर लांब-रुंद चौकोन काढा. १ मिमी पाऊस म्हणजे त्या चौकोनावर १ लिटर पाणी. ८० मिमी म्हणजे लिटरच्या ८० बाटल्या. हे तिला लगेच कळेल.

पावसाळ्यानंतर सावली मोजा. ३० सेंमीची काठी उभी रोवा आणि दर पाच मिनिटांनी टोकाशी खूण करा. सर्वांत छोटी सावली बारा वाजता पडत नाही, इथेच बरेच जण चुकतात. आपल्याकडे नवी मुंबईत ती ऑक्टोबरअखेर १२.२२ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यास १२.५२ च्या आसपास. डिसेंबरअखेर ती सुमारे साडेसत्तावीस सेंमी भरेल, मेच्या मध्यास नाहीशी होईल. सूर्याकडे मात्र बघू देऊ नका.

घणसोली_सेक्टरवाली: गॅलरी पूर्वेला आहे, तिथे सावली मोजता येईल?

खडू_फळा: नाही. ऐन वेळी तिथलं ऊन गेलेलं असतं. गच्चीच घ्या, पर्जन्यमापकाची जागा आहेच.