गाडीचं मागचं दार साधं करायचंय: वर उचलायचं ठेवू की बाजूला उघडणारं करू?

मागचा_बाक:
नमस्कार मंडळी,
बंद बॉडीच्या एका छोट्या गाडीच्या मागच्या दाराचा आराखडा नव्याने करतोय. गाडीत माल आणि माणसं दोन्ही जाणार, मागे समोरासमोर दोन बाकं आहेत. दाराची मोकळी चौकट १२०० मिमी रुंद आणि १३०० मिमी उंच. सध्याचं दार वर उचलायचं आहे, वजन ३८ किलो. त्यावर काय नाही ते विचारा: दोन गॅस स्ट्रट (दार उचलून धरणारे, आत दाबलेला वायू असलेले दांडे), वायपर, काच तापवायच्या तारा, मागचे सगळे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, सेंट्रल लॉकची मोटर.

तक्रारी चार. थंडीत दार वर टिकत नाही. छताजवळच्या रबरी नळीत वायरी तुटतात. खालच्या कोपऱ्यातून पाणी येतं. आणि डोक्यावर छप्पर कमी उंचीचं असेल तर दार पूर्ण उघडतच नाही.

साध्या हत्यारांनी दुरुस्त होईल असं दार हवंय. चौकट बदलायची तयारी आहे. एकच पान बाजूला उघडणारं, दोन पानांचं, की आहे तेच हलकं करून? बिजागऱ्या, लॅच (दार अडकवणारा खटका), बीडिंग (चौकटीभोवतीची रबरी कड) यांचे आकडे मिळाले तर उत्तम.

पत्रेवाला:
प्रकार नंतर ठरवा, आधी दारावरचं सामान उतरवा. दार ही हलणारी वस्तू आहे. तिच्यावर लावलेला प्रत्येक दिवा आणि मोटर म्हणजे जादा वजन, जादा वायर आणि बिघाडाची जादा जागा. दिवे चौकटीच्या दोन खांबांवर घ्या, नंबरप्लेट बंपरवर, वरचा ब्रेकलाइट छताच्या कडेला. यात नियमाचाही फायदा आहे. दार उघडल्यावर मागचे दिवे दिसेनासे होत असतील, तर संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ४८ प्रमाणे गाडीवर जादा दिवे लावावे लागतात. दिवे खांबावर असले की तो प्रश्नच येत नाही. एवढं केलंत आणि आतली सजावटीची पॅनेल्स काढलीत, की २४ ते २८ किलोत बसायला हरकत नाही.

प्रकाराबद्दल माझं मत: माणसं चढणार असतील तर बाजूला उघडणारं एकच पान. दोन पानं भिंतीजवळ सोयीची, कारण मागे १२०० ऐवजी ६०० मिमीच जागा लागते. पण बिजागऱ्या दुप्पट होतात, मधली उभी फट बीडिंगने धड बंद होत नाही, आणि आरशात बरोब्बर मध्ये खांब दिसतो. बिजागऱ्या रस्त्याच्या मध्याकडच्या खांबावर घ्या, म्हणजे दार पदपथाकडून उघडेल आणि उतरणारा माणूस रहदारीत येणार नाही.

आता बिजागऱ्यांचं गणित. २८ किलोचं दार, गुरुत्वमध्य बिजागरीपासून ६०० मिमीवर: २८ × ९.८१ × ०.६ = १६५ न्यूटन-मीटर. दोन बिजागऱ्यांत ९०० मिमी अंतर असेल तर प्रत्येकीवर आडवा जोर १८३ न्यूटन, ४५० मिमी असेल तर ३६६. हा आकडा किरकोळच आहे. खरा भार येतो माणूस उघड्या दाराला लोंबून चढतो तेव्हा. ७५ किलोचा माणूस, १.१ मीटरवर हात: सुमारे ८१० न्यूटन-मीटर. दाराचे १६५ धरून ९०० मिमी अंतराला प्रत्येकी जवळपास १०८०, आणि ४५० ला २१६० न्यूटन. एम८ बोल्टला याचं काही वाटत नाही, फाटतो तो खांबाचा १ मिमी पत्रा. म्हणून खांबाच्या आत ५ मिमी जाडीची पट्टी हवी, तिलाच आटे पाडायचे. पट्टी पिंजऱ्यात दोन्हीकडे ३ मिमी सैल ठेवली की दार हलवून जागेवर बसवता येतं.

झिजेचंही तेच. प्रत्येक पिनेत ०.३ मिमी ढिलाई आली की दाराची मोकळी कड ९०० अंतराला ०.८ मिमी उतरते, ४५० अंतराला १.६. दार बसवताना लॅचकडची कड मुद्दाम २ मिमी वर ठेवा, बीडिंग आणि काच बसली की ती आपोआप जागेवर येते.

तिसरी बिजागरी लावायचा मोह होतो. लावायचीच असेल तर तिन्हींतून एकच सरळ १२ मिमी सळई घालून मगच वेल्डिंगचे टाके मारा. तिसरी अर्धा मिमी जरी रेषेबाहेर गेली, तरी दार जड फिरतं आणि मधली पिन सगळ्यात आधी खाते.

लंबक:
वर उचलायचं दार इतक्या लवकर बाद करू नका. पावसात माल उतरवताना डोक्यावर छप्पर मिळतं, हा फायदा दुसऱ्या कुठल्याच प्रकारात नाही. थंडीतली तक्रार स्ट्रटची निवड काठावर केल्यामुळे आहे.

हिशेब असा. दार आडवं, म्हणजे पूर्ण उघडं असताना भार सर्वांत जास्त. ३८ किलो आणि गुरुत्वमध्य ०.६५ मीटरवर धरला तर २४२ न्यूटन-मीटर. उघड्या अवस्थेत बिजागरीपासून स्ट्रटच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर २५० मिमी असेल तर प्रत्येकी ४८५ न्यूटन लागतात. स्ट्रटवर छापलेला आकडा २० अंशांचा असतो. आतला नायट्रोजन थंडावला की दाब केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे उणे १० अंशांना जोर १० टक्के कमी. ५०० चा स्ट्रट तिथे ४५० वर येतो आणि दार डोक्यावर बसतं. आजच्या वजनाला ५६० घ्या. दार २४ किलोवर आणलंत तर ३०६ ची गरज, तिथे ३५० चा पुरे.

दोन गोष्टी हमखास चुकतात. दार बंद असताना दांडा खाली आणि नळी वर असली पाहिजे. आतलं थोडंसं तेल तेव्हा सीलवर राहतं. उलटं लावलं तर सील कोरडं पडून गॅस निसटतो. दुसरं, बंद अवस्थेत स्ट्रटची रेषा बिजागरीच्या अक्षाच्या अगदी जवळून जायला हवी. लांबून गेली तर दोन्ही स्ट्रट दाराला कायम बाहेर ढकलत राहतात, लॅच मधोमध असतं, आणि कोपऱ्यात बीडिंग उघडं पडतं. तुमच्या खालच्या कोपऱ्यातल्या पाण्याचं मूळ तिथेही असू शकतं.

आणि खरंच साधं हवं असेल तर स्ट्रटच काढा. २४ किलोचं दार खालच्या कडेला धरून उचलायला १५३ ÷ १.३ = ११८ न्यूटन, म्हणजे १२ किलोच्या आसपास जोर लागतो. १० मिमी सळईचा टेकू द्या. मात्र त्याचं खालचं टोक बिजागरीत कायमचं अडकवलेलं आणि वरचं टोक खटक्याने अडणारं हवं. नुसत्या खाचेत ठेवलेला टेकू वाऱ्याच्या एका झोताने निसटतो.

मागचा_बाक:
दोघांचेही आभार. माणसं चढणार हा मुद्दा मोठा आहे, त्यामुळे बाजूला उघडणाऱ्या एका पानाकडे कल आहे. मग ते वाऱ्यात उघडं कसं धरायचं? आणि खडबडीत रस्त्यावर बॉडी पिळली की दार चौकटीत घासेल का?

पत्रेवाला:
वाऱ्याचा हिशेब लोक करत नाहीत आणि मग बिजागरीला दोष देतात. ताशी ५४ किमीचा वारा म्हणजे सुमारे १३५ पास्कल. तुमचं क्षेत्रफळ १.५६ चौरस मीटर, म्हणून जोर २१० न्यूटन आणि बिजागरीभोवती १२६ न्यूटन-मीटर. प्रवासी दारांत असते तशी, दार उघडं अडवून धरणारी पट्टी बिजागरीपासून १०० मिमीवर लावली तर तिच्यावर १२६० न्यूटन येतात आणि तिची जागा पत्र्यासकट उखडते. तोच अडसर ५०० मिमीवर घेतला तर २५० न्यूटन. खालच्या कडेला सरकती सळई, ९० अंशांवर खाचेत पडणारी, हे सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ. शेवटी रबरी ठोकळा द्या, नाहीतर लोखंडावर लोखंड आपटतं.

पिळाबद्दल तिरपा_कर्ण यांना लिहू दे, त्यांचा विषय आहे.

तिरपा_कर्ण:
आधी मोजा. रिकाम्या चौकटीचे दोन्ही कर्ण सपाट जमिनीवर घ्या. मग मागचं एक चाक १५० मिमीच्या ठोकळ्यावर चढवून पुन्हा घ्या. कर्णांतला फरक जेवढा वाढतो तेवढी चौकट तिरकी होते. भोवतालची फट त्याहून कमी असेल तर दार घासणारच. साधारण ६ मिमी फट ठेवा आणि फरक ४ मिमीच्या आत राहील इतकी चौकट कडक करा.

कडक करायची ती कोपऱ्यांत. खांब, छताची आडवी पट्टी आणि खालचा उंबरा हे तिन्ही बंद सेक्शनचे, म्हणजे सगळ्या बाजूंनी बंद नळीसारखे हवेत, नुसता वळवलेला पत्रा पिळाला उभा राहत नाही. चारही कोपऱ्यांत १०० मिमी बाजूची, २ मिमी पत्र्याची त्रिकोणी गसेट (कोपरा मजबूत करणारा तुकडा) लावा आणि आतली कड गोलाईत कापा. या गोलाईचा दुसरा उपयोग बीडिंगला होतो: काटकोनी कोपऱ्यात बीडिंगचा पोकळ फुगा मोडून चपटा होतो, तिथूनच पाणी येतं. किमान ७० मिमी त्रिज्या द्या.

लॅचच्या खाली दाराला आधार देणारी नायलॉनची पाचर हवी. ती नसेल तर खड्ड्यात दाराचं निम्मं वजन लॅचच्या कानावर आदळत राहतं. पण पाचर घट्ट ठोकू नका, वरच्या बाजूला १ मिमी मोकळीक ठेवा. चारही बाजूंनी जखडलेलं दार बॉडीचा पीळ स्वतःवर घेतं. मग तडा जातो तो बिजागरीच्या मुळाशी, आणि लोक म्हणतात बिजागरी हलकी होती.

रबरी_कड:
पाण्याचं सांगतो. चौकटीच्या कडेवर ठोकून बसणारं, आत पोलादी पट्टी असलेलं ईपीडीएम (ऊन-पावसाला टिकणारं रबर) बीडिंग घ्या, फुग्याचा व्यास १५ मिमी. दार बंद झाल्यावर फुगा एक तृतीयांश दबला पाहिजे, म्हणजे तिथे दार आणि चौकट यांच्यात १० मिमी जागा. जास्त दाबलं तर दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि रबर लवकर मरतं. जोड खालच्या आडव्या भागात मध्यावर घ्या, कोपऱ्यात कधीच नको.

बीडिंग हा दुसरा पहारा. पहिला म्हणजे छताच्या कडेची पन्हळ, तिने पाणी दोन्ही बाजूंना नेलं पाहिजे. दाराच्या पोकळीत काचेच्या कडेने पाणी जाणारच, त्याला बाहेर काढायला तळाला ८ मिमीची तीन भोकं. ही भोकं बीडिंगच्या बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत. आतल्या बाजूला पडली तर दार स्वतःच पाणी आणून गाडीत ओततं, आणि बीडिंग कितीही वेळा बदला, फरक पडत नाही. तुमच्या कोपऱ्यात आधी हेच बघा.

तपासायला कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून दार लावा आणि ओढा. दर २०० मिमीवर सारखाच ताण लागायला हवा. पाइपने पाणी मारताना खालून सुरुवात करून वर जा, नाहीतर वरचं पाणी खाली उतरून भलतीच जागा दाखवतं.

अजून एक: बीडिंग नीट बसलं आणि काचा बंद असल्या, की आतली हवा दाबली जाऊन दार शेवटच्या टप्प्यात अडतं. बंपरमागे एकेरी रबरी झडपेची हवाजाळी द्या. लॅच आणखी ओढून घेणं हा त्यावरचा उपाय नाही. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, फट राहिली तर धूळच काय, सायलेन्सरचा धूरही आत खेचला जातो. माणसं मागे बसणार आहेत, तेव्हा यात तडजोड नको.

लंबक:
लॅचबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. पेटीची कडी किंवा फाटकाचा बोल्ट लावू नका. चालू उत्पादनातल्या गाडीचं दोन टप्प्यांचं फिरतं लॅच घ्या, पहिला टप्पा अर्धवट लागलेलं दार धरून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ११ मध्ये पूर्ण लागलेल्या लॅचने त्याच्या तोंडाला लंब दिशेने ११,००० आणि लॅच उघडण्याच्या दिशेने ९,००० न्यूटन सोसायचे असतात, अर्धवट टप्प्यात ४,५००. घरी बनवलेली कडी याच्या जवळपासही जात नाही.

एकच लॅच, मोकळ्या कडेच्या मध्यावर. वरचा आणि खालचा कोपरा वाऱ्याच्या ओढीने बाहेर येत असेल तर दोन लॅच एका सळईला जोडू नका, दोन्ही एकाच वेळी लागण्यासाठी जन्मभर समायोजन करावं लागतं. त्याऐवजी दाराची सांगाडा-नळी ती बाजू घेईल अशी करा: ३० × ३० × १.६ मिमी, त्यावर १ मिमी पत्रा, पॉलियुरेथेनने चिकटवलेला, चिकटपट्टा ३ मिमी जाड. वेल्डिंगने सपाट पत्रा ओढला जातो आणि मग ढोलकीसारखा वाजतो. आतून उघडायचं हँडल सळईने थेट जोडा, केबल नको. बाकांवरच्या माणसांना वीज गेली तरी बाहेर पडता आलं पाहिजे.

मागचा_बाक:
भोकं पाहिली. तीनपैकी दोन बीडिंगच्या आतल्या बाजूला आहेत. शेवटचा प्रश्न: वायपर आणि काचेच्या तारा ठेवायच्या असतील तर वायरी कशा न्यायच्या?

पत्रेवाला:
बिजागरीच्या अक्षाला समांतर १५० मिमी उभी धाव द्या, म्हणजे दार उघडताना वायर वाकत नाही, नुसती पिळली जाते. एकाच जागी वाकणारी वायर तुटते, लांबीवर वाटलेला पीळ ती सोसते. बारीक तारांची लवचिक वायर घ्या, दोन्ही टोकांना पकड द्या, आणि अर्थिंगला स्वतंत्र वायर ओढा. बिजागरीतून अर्थ घेतला तर ग्रीस आणि गंजातून वीज जाते, वायपर मंदावतो आणि पिनही खराब होते. जोडणीचा प्लग खांबाच्या आत न ठेवता हाताला येईल असा ठेवा. म्हणजे दोन पिना आणि एक प्लग काढला की दार हातात.

आणि चौकटीचं सगळं वेल्डिंग, गसेटसकट, उरकल्याशिवाय दाराचा सांगाडा कापू नका. वेल्डिंगनंतर चौकट २–३ मिमी ओढली जाते, दार त्या मापाने करायचं.