मदत हवी आहे: यीस्टमधला डायनीन काढला तरी पेशी मरत का नाही?

मांडवीची_मुलगी

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, एमएस्सीला आहे, मंगळवारी सेमिनार आहे आणि विषय मीच हौसेनं मागून घेतला, यीस्टच्या पेशीविभाजनात मोटर प्रोटीन (पेशीतल्या तंतूंवरून चालत ओझी ओढणारी प्रथिनं) काय करतात. आता पस्तावतेय. बाकी सगळ्यांनी गुपचूप कॅन्सर घेतला.

आधी मला जेवढं कळलंय ते सांगते, चुकत असेन तर तिथेच धरा. बेकरीचं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, मधोमध दुभंगत नाही, त्याला कळी फुटते. मागच्या आठवड्यात किराणावाल्याकडून यीस्टची पुडी आणली, कोमट साखरपाण्यात भिजवली आणि मिथिलीन ब्लू लावून बघितली तर जुन्या बटाट्याला कोंब यावेत तशा लहानमोठ्या कळ्या, एक तर जवळजवळ आईएवढी झालेली आणि दोघींच्या मधे चिमटा काढल्यासारखी मान. माझा सगळा घोळ ह्या मानेपाशी आहे. आपल्या पेशीत स्पिंडल (गुणसूत्रं दोन बाजूंना नेणारी, मायक्रोट्यूब्यूल नावाच्या नळीसारख्या तंतूंची चाती) जिथे असेल त्यावरून कापायची जागा ठरते, इथे जागा आधीच ठरलेली, स्पिंडललाच तिथे आणून उभं करायचं. त्यात केंद्रकाचं आवरण विरघळतही नाही, स्पिंडल आतच बनतो, म्हणजे अख्खं केंद्रकच त्या बारीक मानेतून ताणून न्यायचं.

आता अडलंय ते. सिनियरच्या नोट्समधे लिहिलंय की डायनीन नावाचा मोटर प्रोटीन केंद्रक ओढतो. ह्या यीस्टमधे मोटर प्रोटीन म्हणजे किनेसिनच्या घराण्यातले ६, मायोसिनच्या घराण्यातले ५ आणि डायनीन एकच, मग तो एकुलता एक काढून टाकला तर पेशी संपायला हवी ना, पण त्या तर जगतात. शुक्रवारी सरांनी नेमकं हेच विचारलं, मग तो करतो काय, आणि मी नुसती बघत बसले. दुसरं म्हणजे मायक्रोट्यूब्यूलला एक ऋण आणि एक धन टोक असतं, डायनीन चालतो ऋण टोकाकडे, ते टोक असतं ध्रुवापाशी, म्हणजे स्पिंडलच्या टोकाशी, मग तो कळीच्या पार पलीकडच्या भिंतीवर पोचतो कसा? कोणी साध्या भाषेत सांगेल का प्लीज?

रिटायर्ड_पण_रिकामा_नाही

अगं, तुझे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, नोट्स अर्ध्या आहेत. केंद्रक न्यायला दोन टोळ्या आहेत. पहिली टोळी लवकर कामाला लागते: कार९ नावाचं प्रोटीन बिम१ च्या मदतीनं मायक्रोट्यूब्यूलचं टोक धरतं आणि मायो२ हा मायोसिन त्याला ॲक्टिन ह्या प्रोटीनच्या तारांवरून कळीकडे ओढत नेतो. त्यानं केंद्रक मानेच्या तोंडाशी येतं आणि स्पिंडल सरळ होतो. डायनीनची पाळी नंतर, तो मानेतून आत खेचतो. कळीच्या भिंतीला नम१ नावाचं प्रोटीन आहे, ते डायनीनला तिथे घट्ट धरून ठेवतं. दोरावरून चालणाऱ्या माणसाला भिंतीला बांधून टाकलंस तर त्याचे पाय चालूच राहतात, पण आता सरकतो तो दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला केंद्रक.

एक टोळी गेली तर दुसरी कसंबसं निभावते. दोन्ही काढल्या की पेशी जगत नाही. सरांना हेच सांग.

भिंतीपर्यंत पोचण्याचं म्हणशील तर डायनीन स्वतः चालला तर समज अहमदाबादलाच जाणार, त्याला सुरतेला पोचवायचा तर सुरतेच्या गाडीत बसवायला हवा. ती गाडी किप२, धन टोकाकडे जाणारा किनेसिन.

इंदूरी_पेशी

काकांच्या म्हणण्यात थोडी भर. किप२ च्या पाठीवरून जातो हे खरं, पण काही डायनीन पेशीद्रवातून थेटही धन टोकावर येऊन बसतो, पॅक१ आणि बिक१ ही मदतनीस प्रोटीन लागतातच. आणि ताई, डायनीन नसलेल्या पेशी मरत नाहीत ह्याचं अजून एक कारण त्या थांबतात. ध्रुव कळीत शिरल्याशिवाय पेशी विभाजन संपवत नाही. कधीकधी आईतच दोन केंद्रकं होऊन बसतात, थंडीत वाढवलं तर जास्तच, पण बऱ्याचदा उशिरा का होईना एक मानेतून पलीकडे जातं.

सिन८ आणि किप१ हे किनेसिन विसरू नकोस हां, तिथेही हीच कथा. दोघं ध्रुवांना एकमेकांपासून दूर ढकलतात, एक काढला तर चालतं, दोन्ही काढले तर खलास. गंमत म्हणजे किप१ नाही आणि सिन८ अर्धवट बिघडलेला, अशा पेशींतून उलटं ओढणारा कार३ हा किनेसिन पण काढून टाकला तर त्या बऱ्याच सावरतात. मला तरी हा प्रयोग सगळ्यात आवडतो.

मांडवीची_मुलगी

काका, सुरतेची गाडी स्लाइडवर जाणार, आमचे सर सुरतेचेच आहेत 😄 इंदूरी, खूप थँक्स, कार३ चं मला कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटचं एकच, दोन ध्रुवांपैकी कळीत जुना जातो की नवा, की कुठलाही?

रिटायर्ड_पण_रिकामा_नाही

बहुतेक वेळा जुना, कारण कार९ जास्त करून त्याच्याच मायक्रोट्यूब्यूलवर बसतं. म्हणजे जुना दागिना लेकीला आणि नवीन घडवलेला आईकडे. २००१ मधे दाखवलंय हे, साल विचारलं तर सांगता येईल.