सिव्हिल एअर पेट्रोलसारखं काही गोव्यात आहे का?

फोंड्याची_आई:
नमस्कार मंडळी. माझा भाचा अमेरिकेत सिव्हिल एअर पेट्रोल म्हणून विमानातून शोध-बचाव करणारी स्वयंसेवी संस्था आहे तिचा कॅडेट आहे, सुट्टीत आलेला तेव्हा हरवलेलं विमान कसं शोधतात, रेडिओवर कसं बोलतात सगळं सांगत बसला आणि तेव्हापासून आमच्या मुलीच्या डोक्यात तेच. नववीत आहे. तिकडे म्हणे १२ व्या वर्षापासून घेतात. गोव्यात असं काही आहे का? आणि मुलांना खरंच रेस्क्यूला नेतात की नुसती परेड?

वास्कोचा_विमानवाला:
ताई, तसंच्या तसं आपल्याकडे नाही. ती संस्था १९४१ ची, युद्धात साधे लोक आपली छोटी विमानं घेऊन किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्या शोधत फिरायचे, १९४८ पासून ती त्यांच्या एअर फोर्सला जोडलेली आहे. काम बिनपगारी. विमानं सेस्ना १७२, १८२ अशी, पंख वर असल्यामुळे खाली बघायला आडकाठी नाही. नकाशावर चौकोन पाडून एकेक पट्टा विंचरतात, पायलट उडवतो, शेजारी ऑब्झर्व्हर, आणि मागे बसलेल्या स्कॅनरने फक्त खाली बघत राहायचं, तासन्‌तास, हे दिसतं तेवढं सोपं नाही, डोळे थकतात आणि झाडीत मोडका पंख दिसतच नाही. स्कॅनर व्हायला १८ पूर्ण लागतात. त्याखालची मुलं ट्रेनिंग घेऊन जमिनीवरच्या टीममध्ये जातात, होकायंत्र, रेडिओ, चालत शोध. म्हणजे नुसती परेड नाही.

आपल्याकडे हे का नाही तर तिकडे गावोगावी छोटे विमानतळ आणि घरची विमानं आहेत. आपलं दाबोळी विमानतळ नेव्हीचं, मोपा नवीन पण तेही मोठ्या विमानांसाठी. समुद्रातला शोध कोस्ट गार्ड बघतं.

डिचोलीचे_सर:
तरी माणसं तयार करायला विमान कशाला पाहिजे? मार्च २०२३ ला म्हादई अभयारण्यात आग लागली तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी टाकलं हे सगळ्यांना आठवतं, पण खाली डोंगरात पायी जाऊन झाडाच्या फांद्यांनी आग झोडपणारी माणसंच होती ना. पावसाळ्यात धबधब्यावर कोणी अडकलं की पण गावातलेच पोरगे आधी पोचतात, दोरी कशी बांधायची कोणी शिकवलेलं नसतं. माझ्या मनाला हे फार लागतं.

मुलीला एनसीसीत घाला. मुलींना घेतात, आठवी-नववीपासून ज्युनियर विंग असते. एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग (विमानांची मॉडेल्स बनवणं), मायक्रोलाइट (अगदी हलकं छोटं विमान) वगैरे असतं पण आपल्या शाळेत कुठली विंग आहे ते आधी विचारा, नेव्हल मिळाली तरी सोडू नका, बोट आणि सिग्नल दोन्ही शिकेल. पोहणं आणि फर्स्ट एड आत्ताच सुरू करा, त्याला वय लागत नाही.

फोंड्याची_आई:
खूप आभार दोघांचेही. शाळेत सोमवारीच विचारते. पायलटचं लायसन कितव्या वर्षी मिळतं?

वास्कोचा_विमानवाला:
स्टुडंट पायलट १६, प्रायव्हेट १७, कमर्शियल १८. कमर्शियलला बारावीत फिजिक्स-मॅथ्स लागतं, सायन्स घेताना लक्षात ठेवा, आणि खर्चाच्या आधी मेडिकल करून घ्या. रविवारी बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमला न्या तिला, जुनी विमानं जवळून बघता येतात.