अनुभव धागा: तुमच्याकडचं कुठलं झाड कुणाकडून आलं?

गच्चीवाली
काल संध्याकाळी जुई फुलली. चार-दोन फुलं नाहीत, परडी भरून. गजरा करायला बसले आणि मधेच हात थांबला, म्हटलं हे लिहूनच काढते.

2024 च्या पुराच्या वेळी आम्ही बडोद्यात कारेलीबागेत तळमजल्यावर राहत होतो. जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदी चढली, आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे, खाली उतरलो तर अंगणभर गाळ. बत्तीस कुंड्या होत्या. काही वाहून गेल्या, उरलेल्यांची मुळं सडली, अडेनियमला हात लावला तर पिकलेल्या केळ्यासारखं मऊ. आणि सासूबाईंची जुई गेली. दांडिया बाजारातला वाडा पाडला तेव्हा त्यांनी घरातलं दुसरं काही मागितलं नव्हतं, फक्त तिचं रोप मागितलं होतं. त्या आता नाहीत, त्यामुळे मला ते कुणाला सांगताही येईना.

दिवाळीनंतर कमाटीबागेत आपली रोपांची देवाणघेवाण होती. मी जाणारच नव्हते, रिकाम्या हाताने कसं जायचं, पण मैत्रिणीने ओढून नेलं. तिथे वासणा रोडच्या एक बेन होत्या, त्यांनी दुधाच्या पिशवीत लावलेलं रोप काढलं, त्यात आईस्क्रीमची काडी खोचलेली, काडीवर गुजरातीत लिहिलेलं: "जुई, कारेलीबागवाळा काकी पासेथी", म्हणजे कारेलीबागच्या काकूंकडून. मी दोनदा वाचलं. त्याआधी दोन वर्षं मी अकोट्याच्या एका ताईंना आमच्या जुईची दाब कलम (फांदी मातीत दाबून मुळं फुटवलेली) करून दिली होती, त्यांनी ती पुढे या बेनना दिली, आणि माझं नाव माहीत नाही म्हणून त्यांनी एवढंच लिहून ठेवलं. मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आ तो तमारी ज छे, लई जाव." मला रडू आवरेना, त्यांनाही. बाजूला कुणीतरी चिल्लीपिल्ली टॉय ट्रेनसाठी हट्ट करत होती, आम्ही दोघी बाकावर बसून डोळे पुसतोय.

तुमचेही असे अनुभव सांगा ना. छोटे असले तरी चालतील.

रावपुरा_रोड
ताई काटा आला अंगावर. आमच्याकडे समा भागात पूर ओसरल्यावर कंपाउंडमध्ये मगर होती, सगळे गॅलरीतून बघतायत, आई मात्र ओरडतेय की तिकडे माझी गोकर्ण आहे तिच्या अंगावर जाऊ देऊ नका रे तिला 😄 गोकर्ण वाचली. बिया सगळ्या सोसायटीला वाटल्यात आता. रात्रभर पाण्यात भिजत घालून पेरायच्या, नाहीतर लवकर उगवत नाहीत.

सोनटक्का
पुरात काय टिकलं सांगू का, सोनटक्का आणि अळू. त्यांना पाणी आवडतंच. दोन्ही गाळातून परत वर आले. ज्यांना कंद हवेत त्यांनी सांगा, माझ्याकडे इतके झालेत की ठेवायला जागा नाही.

मांजलपूरची
@सोनटक्का मला हवेत!! आणि अळू काळ्या देठाचं आहे की हिरव्या?

सोनटक्का
काळ्या देठाचं. वडीचं.

नवी_माळीण
माझा अनुभव असा की मी लग्न होऊन सांगलीहून बडोद्याला आले, गुजराती शून्य. पहिल्याच देवाणघेवाणीत एक मासी म्हणाल्या मीठो लीमडो लई जजे. मला वाटलं कडुलिंबाची कुठली तरी गोड जात असेल, औषधी वगैरे, घरी आणून कौतुकाने कुंडीत लावला आणि महिनाभर रोज बघतेय. एक दिवस सासूबाई आल्या, दोन पानं खुडली आणि सरळ फोडणीत टाकली. मी किंचाळले 😂 कढीपत्ता!! वास कसा आला नाही मला कळत नाही, सर्दी असणार. मग हळूहळू कळलं की जासूद म्हणजे जास्वंद, बारमासी म्हणजे सदाफुली, लीली चा म्हणजे गवती चहा. खरं सांगते मला गुजराती झाडांनीच शिकवली. त्या मासी आता माझ्या मुलीला शाळेतून आणतात.

काडीवाला
पहिल्या पोस्टवरून आठवलं, काडीवर बॉलपेनने लिहू नका हो, उन्हात दोन महिन्यांत उडतं. मार्करही उडतो. दह्याच्या डब्याच्या पट्ट्या कापायच्या आणि साध्या शिसपेन्सिलीने लिहायचं, पावसात सुद्धा राहतं. आणि त्या बेननी केलं तसं "कुणाकडून" पण लिहायचं. मी आतापर्यंत फक्त झाडाचं नाव आणि तारीख लिहायचो. आजपासून बदललं.

गच्चीवाली
@काडीवाला अहो ती काडी मी जपून ठेवलीय, अक्षरं खरंच अर्धी गेली आहेत. आजच वरून पेन्सिलीने गिरवते.

जास्वंद_प्रेमी
सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू पण सांगतो, राग मानू नका. मागच्या वर्षी एका देवाणघेवाणीतून मी डबल पाकळीची जास्वंद आणली, सुंदर, पिवळी. घाईत तशीच गच्चीवर बाकीच्यांत ठेवून दिली. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी होतं ते मी बघितलंच नाही. पिठ्या ढेकूण. तीन आठवड्यांत अकरा झाडांवर गेला, मुंग्या त्याला इकडून तिकडे नेतात, तो चिकट गोड रस सोडतो ना त्यासाठी. बायकोची चौदा वर्षांची जास्वंद तेव्हा गेली आणि आमच्यात चार दिवस अबोला. आता नियम, नवीन रोप आलं की पंधरा दिवस जिन्यात वेगळं, पानं उलटून बघायची, लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारायचं, उन्हात नाही. देणाऱ्याचीही चूक नाही म्हणा, त्यांनाही माहीत नसणार. पण देण्याआधी पान उलटून बघा एवढी कळकळीची विनंती.

मांजलपूरची
चौदा वर्षं 😢 वहिनींना माझ्याकडून लाल पाच पाकळ्यांची देते, गणपतीला लागतेच. पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी देऊ की लागलेलं रोप?

जास्वंद_प्रेमी
काडी द्या ताई. ती स्वतः लावेल, तिला तेच आवडतं.

पेन्शनर_काका
आमच्या लहानपणी याला काही नाव नव्हतं. वाड्यात भिंतीवरून हात वर यायचा, हातात काडी, "ही घ्या, अनंत आहे". संपलं. मनीप्लांट मात्र चोरूनच आणायचा, दिलेला लागत नाही म्हणायचे, म्हणून आई शेजारच्या काकूंना सांगायची, मी आता आत चहा टाकते, तुम्ही तेवढ्यात चोरून न्या. अवांतर होतंय पण सांगतो, बडोद्याला बागांचं वेड जुनं आहे. सयाजीरावांनी कमाटीबाग 1879 मध्ये उभी केली. आणि बंगळुरूच्या लालबागेमुळे ज्याचं नाव झालं तो जर्मन क्रुम्बिगल, तो त्याआधी इथे गायकवाडांच्या बागा सांभाळायचा. नातवाला हे सांगितलं तर म्हणतो आजोबा तुम्ही भेटला होतात का त्याला. अरे, 1908 च्या आसपास गेला तो इथून.

नवी_माळीण
काका 😂😂 आणि चहा टाकते हे फार आवडलं

अक्षतृतीया
ब्रह्मकमळाचं पान मागितलं की लोक देतात का? मला दोनदा नाही म्हणाले, घरातली लक्ष्मी जाते म्हणे.

काडीवाला
माझ्याकडून न्या, पाहिजे तेवढी. आणि खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर होतं, ते वेगळंच. आपण कुंडीत लावतो तो मेक्सिकोकडचा निवडुंग आहे, म्हणून तर पान खोचलं तरी लागतं. कापलेलं पान दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग खोचा, पाणी कमी. फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत मिटतं, ज्या रात्री फुलणार त्या रात्री आम्ही सगळ्या मजल्यांना निरोप देतो, खाली सतरंजी टाकून कॉफी होते.

अक्षतृतीया
देवाचे आभार. कुठे येऊ?

मनाली_नाही_बडोदा
मी कधी लिहीत नाही. बाबा मार्चमध्ये गेले, त्यांचे गुलाब होते, अठ्ठावीस. मला नोकरीमुळे पुण्याला परत जायचं होतं, आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. देवाणघेवाणीत एकेक देऊन टाकले, बदल्यात काहीच घेतलं नाही. घेणाऱ्या प्रत्येकाने आईचा नंबर घेतला. आता आईला रोज कुणी ना कुणी फोटो पाठवतं आणि आई मला फोन करून सांगते की "मांडवीचा फुलला", "गोत्रीचा अजून रुसलाय". कलमी गुलाबाच्या सांध्याच्या खालून फुटवा आला तर छाटायला सांगा असं बाबांच्या आवाजात सांगते ती त्यांना. मी ऐकत बसते.

गच्चीवाली
तुमच्या आईंना जुई चालेल का? दाब कलम लावलेली आहे, दीडेक महिन्यात तयार होईल. मी स्वतः नेऊन देईन, त्यांना खाली यायला नको.

मनाली_नाही_बडोदा
चालेल काय, नाचेल ती. पत्ता खासगीत पाठवते 🙏

रावपुरा_रोड
अळूच्या पात्र्याला, म्हणजे आपल्या अळूवडीला, गुजराती बेसनात गूळ जास्त घालतात ते मला आवडायला लागलंय, आईला सांगू नका.

मांजलपूरची
चिंच भरपूर घाला मग काहीही घाला, घसा खवखवला नाही पाहिजे. @सोनटक्का रविवारी नक्की ना? पिशवी मी आणते, पाऊस असला तरी येते.

सोनटक्का
नक्की. फ्लॉवर क्लॉकपाशी आठ वाजता. अळू सकाळी काढून आणते, रात्री काढलं की पानं मलूल होतात.